वेतनाशी बांधलेले औषध : कामगार विमा योजना आणि गिरणगावातील बेकार कामगार (१९४८–२०१०)

प्रस्तावना

मुंबईच्या गिरणगावाविषयी गेल्या काही दशकांत विपुल लेखन झाले आहे. कामगार चळवळीचा उदय, संपांचा इतिहास, वेतन व बोनसचे लढे, बदली कामगारांची स्थिती, चाळींतील सांस्कृतिक जीवन आणि अलीकडच्या काळात गिरण्यांच्या जमिनींचा वाद या विषयांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. त्या मानाने एक साधा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. काम सुटल्यावर कामगाराच्या घरातील औषधाचे काय झाले? दम्याच्या, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या दर महिन्याला घ्याव्याच लागतात. वेतन थांबले म्हणून आजार थांबत नाही. प्रस्तुत लेखात १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम आणि १९८२ चा गिरणी संप यांच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

या विषयाकडे वळण्यास एक घरगुती निमित्त घडले, ते नमूद करणे योग्य होईल. प्रस्तुत लेखिकेचे आजोबा परळमधील एका गिरणीत साचेखात्यात कामाला होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जी कागदपत्रे सापडली, त्यांत गिरणीचा पास, काही पगारपत्रके आणि विमा योजनेचे ओळखपत्र होते. या ओळखपत्राचा त्यांना १९८२ नंतर काहीही उपयोग झालेला नव्हता. तरीही ते त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवले होते.

एकाच दशकातील दोन वाटा

भारतातील औद्योगिक कामगारांसाठी आजारपणाचा विमा असावा, ही कल्पना स्वातंत्र्याच्या बरीच आधीची आहे. आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने १९२७ मध्ये आजारपण विम्याविषयीचे करार संमत केले. पुढे मजूरविषयक शाही आयोगानेही (१९२९–३१) या प्रश्नाची दखल घेतली. तथापि प्रत्यक्ष योजना आखण्याचे काम मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कापड, अभियांत्रिकी तसेच खनिजे व धातू या तीन उद्योगांतील कायम कारखान्यांच्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना सुचविणारा अडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. काही फेरफारांनंतर त्याच पायावर १९४८ चा अधिनियम उभा राहिला.

याच वर्षांत दुसरी एक समिती काम करीत होती. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य सर्वेक्षण व विकास समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही या कारणास्तव कोणीही व्यक्ती पुरेशा वैद्यकीय उपचारांपासून वंचित राहू नये, हे या समितीच्या योजनेचे पायाभूत तत्त्व होते. भोर समितीच्या दृष्टीने उपचाराचा हक्क नागरिक म्हणून मिळणारा होता, तर अडारकर योजनेत तो अंशदान भरणारा कामगार म्हणून मिळणारा होता. स्वतंत्र भारताने यांपैकी अडारकरांची योजना कायद्याच्या रूपाने अमलात आणली. भोर समितीच्या शिफारशी अंशतःच प्रत्यक्षात उतरल्या. आपल्या प्रश्नाचे मूळ येथे आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

या बाबतीत अडारकरांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्याकडे आरोग्य विम्याचे काम सोपविले होते, बेकारी विम्याचे नव्हे. इंग्लंडमध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा १९४२ चा अहवाल गाजत होता. त्याने सर्वांसाठी आरोग्यसेवा आणि रोजगार टिकवून ठेवण्याचे सरकारी धोरण या दोन्ही गोष्टी गृहीत धरल्या होत्या. भारतात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येण्यासारखी नव्हती. विमा उभारायचा तर तो पगारपत्रकाच्या आधारेच उभारणे शक्य होते, कारण वसुलीचे दुसरे खात्रीचे साधन नव्हते. ती व्यावहारिक सोय कालांतराने तत्त्व होऊन बसली.

अधिनियमाचे कलम ५६ या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहे. ज्या काळासाठी एखाद्या व्यक्तीचे अंशदान देय आहे, अथवा ज्या काळात ती आजारपण लाभ किंवा प्रसूती लाभ मागण्यास पात्र आहे, त्या काळात तिला वैद्यकीय लाभ मिळेल, अशी तरतूद त्यात होती. अंशदान थांबल्यानंतरही विनियमांत ठरवून दिलेल्या मुदतीपुरता हा लाभ देता येईल, असे परंतुक त्याला जोडलेले होते. म्हणजे दार पूर्ण बंद केलेले नव्हते. पण ते किती उघडायचे हे विनियम करणाऱ्यांच्या हाती ठेवले होते. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अत्यल्प वेतनाच्या कामगाराला स्वतःच्या वाट्याचे अंशदान मूळ कायद्यातच माफ होते. गरिबीचा विचार कायदेकर्त्यांनी केला होता. बेकारीचा विचार मात्र त्या चौकटीत बसला नाही.

गिरणगावातील पॅनेल डॉक्टर

योजनेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे झाले. दिल्लीतही ती त्याच दिवशी लागू झाली. मुंबईत ती १९५४ मध्ये आली. दिल्ली व कानपूर येथे विमा योजनेने स्वतःचे दवाखाने चालविले. मुंबईत मात्र ‘पॅनेल’ पद्धत स्वीकारण्यात आली. वस्तीतील खाजगी डॉक्टरांची यादी करावयाची, कामगाराने त्यांतील एकाकडे आपले नाव नोंदवावयाचे आणि डॉक्टरला नोंदलेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे योजनेकडून मोबदला मिळावयाचा, असे तिचे स्वरूप होते. डॉक्टरने लिहून दिलेले औषध कामगाराला पदरचे पैसे न देता मिळत असे. मोठ्या आजारासाठी परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय होते. कामगारांच्या बोलण्यात ते नुसते ‘गांधी हॉस्पिटल’ असे. १९५८ पासून देशभर टप्प्याटप्प्याने कुटुंबीयांनाही योजनेत आणण्यास सुरुवात झाली.

या व्यवस्थेविषयी तक्रारी पुष्कळ होत्या. पॅनेलचे औषध म्हणजे पाणचट औषध, ही समजूत लालबाग-परळ भागात सर्वत्र होती. बरे वाटत नसले तर लोक पैसे देऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जात. रजेसाठी दाखला देणारा माणूस, एवढीच अनेकांच्या लेखी पॅनेल डॉक्टरची ओळख होती. असे असले तरी नियमित औषध लागणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तिचे मोल फार मोठे होते. पिंजण आणि कार्डिंग खात्यांत कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन जडणारा बिसिनोसिस हा विकार अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. सुटीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण. मुरलेल्या अवस्थेत मात्र काम सोडूनही तो पूर्ण बरा होत नाही. असा विकार सिद्ध करून अपंगत्व लाभ मिळविणे हे वेगळेच दिव्य होते. बहुसंख्यांची छातीची व्याधी पॅनेल डॉक्टरच्या कागदावर साधा दमा किंवा जुनाट खोकला एवढीच राहिली आणि त्यावरचे औषध नोकरी असेतोवर मिळत राहिले.

‘पॅनेल’ हा शब्द मूळचा इंग्लंडमधील १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याचा. तेथेही आरंभी उपचार हा विमेदार कामगाराचाच हक्क होता. पण पहिल्या महायुद्धानंतर बेकारी वाढली, तेव्हा अंशदान भरू न शकणाऱ्या बेकारांचा विमा लांबविण्यासाठी १९२१ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होऊन औषध आणि नोकरी यांचा संबंधच तुटला. १९५२ मध्ये तेथे औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकार लावण्यात आला; १९६५ मध्ये तो रद्द झाला आणि १९६८ मध्ये पुन्हा आला, तो सरकारी निर्वाह साहाय्यावर जगणाऱ्यांना सूट ठेवून. आपण तेथून पॅनेल उचलले, पण १९२१ चा धडा उचलला नाही.

१९८२ : संपाचे वर्ष आणि औषध

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांचे नेते डॉ. दत्ता सामंत हे स्वतः वैद्यकीय पदवीधर होते. कामगार चळवळीत येण्यापूर्वी घाटकोपरमध्ये ते दवाखाना चालवीत आणि कामगारांसाठी ते अखेरपर्यंत ‘डॉक्टर’च राहिले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाची एकमेव मान्यता रद्द करणे या मागण्यांची चर्चा अन्यत्र भरपूर झाली आहे. येथे संपाचा वैद्यकीय लाभावर झालेला परिणाम पाहावयाचा आहे.

अधिनियमाच्या कलम ६३ नुसार ज्या दिवशी कामगार संपावर असेल त्या दिवसासाठी त्याला आजारपण लाभाची रोख रक्कम मिळत नसे. संप कायदेशीर की बेकायदेशीर, असा भेद या कलमात नव्हता. विनियमांत काही अपवाद होते, उदाहरणार्थ योजनेच्या रुग्णालयात दाखल असलेला कामगार. परंतु हे कलम रोख रकमेपुरते होते. औषधाची गोष्ट वेगळी. वेतन नाही म्हणजे अंशदान नाही आणि अंशदान नाही म्हणजे पुढील लाभकाळासाठी पात्रता नाही, अशा साखळीने औषधाचा हक्क संपत असे. सहा महिन्यांचा अंशदान काळ, त्यानंतर सुमारे तीन महिन्यांचे अंतर आणि मग सहा महिन्यांचा लाभकाळ अशी रचना असल्यामुळे हा हक्क एका दिवसात गेला नाही. १९८१ मध्ये भरलेल्या अंशदानाच्या बळावर १९८२ मधील काही महिने पॅनेलचे औषध मिळत राहिले असले पाहिजे. विमेदारांचे निरनिराळे गट असल्यामुळे प्रत्येकाची मुदत वेगवेगळ्या दिवशी संपत होती. कायद्याच्या रचनेवरून पाहता १९८३ उजाडेपर्यंत बहुतेक संपकऱ्यांचा हक्क संपुष्टात आलेला असणार, असे अनुमान काढता येते. बदली कामगारांचे तर मुळातच पुरेसे आठवडे भरलेले नसत. त्यांचा हक्क त्याहून आधी गेला असेल.

या हळूहळू होणाऱ्या ऱ्हासामुळे एक विचित्र गोष्ट घडली. औषध बंद झाल्याबद्दल कोणी मोर्चा काढला नाही. पगार एकाच दिवशी सर्वांचा बंद झाला. औषध मात्र प्रत्येकाचे त्याच्या त्याच्या तारखेला आणि दवाखान्याच्या दारात, एकेकट्याला गाठून बंद झाले. सामुदायिक दुःखाची नोंद इतिहासात होते. असे विखुरलेले नुकसान कागदावर येत नाही. गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचे मोलाचे काम मीना मेनन व नीरा अडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. संपकाळातील औषधोपचारांविषयी तशाच पद्धतीने, घरोघरी जाऊन आणि विशेषतः स्त्रियांना विचारून, माहिती गोळा करण्याची वेळ अद्याप गेलेली नाही. मात्र ती फार काळ राहणारही नाही.

संपकाळात हजारो कामगार कोकणात, सातारा-कोल्हापूरकडे आपल्या गावी परतले. पॅनेल डॉक्टरकडे नाव मुंबईत नोंदलेले. ते ओळखपत्र गावच्या डॉक्टरच्या उपयोगाचे नव्हते. ज्यांचा हक्क कागदोपत्री शिल्लक होता त्यांनाही तो तालुक्याच्या ठिकाणी वठविता येत नव्हता. गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात थंडीतापाचे औषध मिळे. रोजच्या गोळ्या मिळण्याची खात्री नव्हती. आमच्या आजीच्या सांगण्यानुसार आजोबांनी दम्याच्या गोळ्या आधी अर्ध्या केल्या, मग केवळ धाप लागेल त्या रात्री घेऊ लागले आणि पुढे अडुळशाच्या काढ्यावर आले. ‘गोळी मोडून खाल्ली’ हा तिचा शब्दप्रयोग लेखिकेने नंतर अन्य दोन-तीन घरांतही ऐकला.

जे मुंबईत राहिले त्यांच्यासाठी महापालिकेची रुग्णालये हाच आधार होता. १९२६ पासून परळमध्ये उभे असलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे के.ई.एम., गिरणगावाच्या मध्यावर आहे. क्षयाची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत विनामूल्य मिळत. त्यामुळे क्षयरोग्याची स्थिती दम्याच्या रोग्यापेक्षा, औषधापुरती का होईना, बरी होती असे म्हणावे लागते. अन्य आजारांत तपासणी नाममात्र शुल्कात होई, पण रुग्णालयात नसलेले औषध बाहेरून आणण्यासाठी चिठ्ठी मिळे. ही ‘बाहेरची चिठ्ठी’ बेकार माणसाच्या संसारातील मोठी धास्ती होती. ती घेऊन समाजसेवा विभागापुढील रांगेत उभे राहावयाचे, गरीब रुग्णांसाठीच्या निधीतून काही मिळते का ते पाहावयाचे, एखाद्या धर्मादाय न्यासाकडे अर्ज करावयाचा. जे औषध काल अंशदानाच्या बदल्यात हक्काने मिळत होते, ते आज विनवणी करून मिळवावे लागत होते.

औषधांच्या किमतींचा संदर्भ

हा काळ औषधांच्या किमतींच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. जयसुखलाल हाथी समितीच्या १९७५ च्या अहवालानंतर १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने ३४७ मूळ औषधे नियंत्रणाखाली आणली होती. १९८७ च्या आदेशात ही संख्या १४२ वर आणि १९९५ च्या आदेशानंतर ७४ वर आली. या धोरणाची कारणे औषधनिर्मितीच्या अर्थकारणात होती. गिरण्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण संपात काम गमावलेले लाखाहून अधिक कामगार विम्याच्या छत्राबाहेर पडून औषधाच्या दुकानात रोखीने गिऱ्हाईक म्हणून उभे राहू लागले, त्याच वर्षांत दुकानातील नियंत्रित औषधांची यादी आखूड होत गेली. दोन स्वतंत्र प्रक्रिया एकाच माणसाच्या खिशात येऊन मिळाल्या. कामगार इतिहास आणि औषध धोरणाचा इतिहास वेगवेगळ्या विभागांत शिकविला जात असल्यामुळे ही गाठ आपल्या नजरेस येत नाही.

दुरुस्त्यांचा क्रम

अधिनियमात पुढे झालेल्या सुधारणांचा क्रम बोलका आहे. १९८९ च्या दुरुस्तीने कायमचे अपंगत्व आल्यामुळे काम सुटलेल्या विमेदाराला, तसेच पुरेशी सेवा करून वयोमानाने निवृत्त झालेल्यास, जोडीदारासह वैद्यकीय लाभ चालू ठेवण्याची सोय झाली. त्यासाठी दरमहा दहा रुपये, म्हणजे वर्षाला १२० रुपये भरावयाचे होते. ही रक्कम पाहता खर्चाची अडचण हे बेकारांना वगळण्याचे एकमेव कारण असू शकत नाही. निवृत्ताला जे औषध दहा रुपयांत देता येत होते, ते गिरणी बंद पडलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या कामगाराला देण्यात अडथळा होता तो धारणेचा. निवृत्ती ही सन्मानाने संपलेली सेवा आणि बेकारी हा मधेच आलेला खंड, तो लवकरच भरून निघेल, असे गृहीत धरलेले होते. गिरणगावात तो भरून निघाला नाही.

बेकारांचा प्रत्यक्ष विचार १ एप्रिल २००५ पासून लागू झालेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत प्रथम झाला. कारखाना बंद पडल्याने, कामगार कपातीने किंवा रोजगाराशी संबंध नसलेल्या कारणाने आलेल्या किमान ४० टक्के कायम अपंगत्वामुळे काम गेलेल्या विमेदाराला, किमान पाच वर्षांचे अंशदान असल्यास, सहा महिने बेकारी भत्ता आणि त्या काळात स्वतःसाठी व कुटुंबासाठी औषधोपचार मिळू लागले. पुढे मुदत वाढली आणि अंशदानाची अटही सैल झाली. १९४८ च्या कायद्याने औषध आणि वेतन यांच्यात बांधलेली गाठ येथे प्रथमच बेकारासाठी सैल झाली, म्हणून या योजनेचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे.

तथापि तिच्या अपवादांची यादी गिरणगावाच्या इतिहासाशी ताडून पाहिली की मन थबकते. टाळेबंदीच्या काळात लाभ नाही. बेकायदेशीर ठरविलेल्या संपात सामील झालेल्यास लाभ नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यास लाभ नाही. १९८२ चा संप बेकायदेशीर ठरविला गेला होता. त्यानंतर अनेक गिरण्यांत टाळेबंदी झाली. आणि नव्वदच्या दशकापासून पुढे ज्यांची देणी चुकती झाली त्यांतील फार मोठ्या संख्येने लोक स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून बाहेर पडले. या सहीमागे स्वेच्छा किती होती, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २००५ ची योजना १९८२ मध्ये अस्तित्वात असती, तरीही ती मुंबईच्या बहुसंख्य गिरणी कामगारांच्या दारापर्यंत पोहोचली नसती.

स्वेच्छानिवृत्तांना १२० रुपयांच्या सवलतीत आणण्यासाठी २०१० ची दुरुस्ती यावी लागली. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना १९९७ पासून आणि तिचे विस्तारित रूप २०१२ पासून गरीब कुटुंबांच्या शस्त्रक्रियांना व रुग्णालयातील उपचारांना साहाय्य करू लागले. २०१७ मध्ये या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. तिने अनेकांचे प्राण वाचविले. परंतु तिचा भर खाटेवर दाखल झालेल्या रुग्णावर राहिला. घरी राहून रोज घ्यावयाच्या गोळीसाठी ती आखलेली नव्हती. अडारकरांच्या योजनेतील पॅनेल डॉक्टरची चिठ्ठी, कितीही पाणचट म्हटली तरी, नेमके तेच काम करीत होती. १९४८ चा अधिनियम आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली.

२०१० ची दुरुस्ती झाली तेव्हा आमचे आजोबा हयात होते. कोणीतरी सांगितल्यावरून त्यांनी ट्रंक उघडून ओळखपत्र बाहेर काढले आणि आपण यात बसतो का, असे एका जुन्या सहकाऱ्याकडे चौकशी करून पाहिले. कायद्याच्या परिभाषेत ते वयोमानाने निवृत्त झालेले नव्हते, स्वेच्छानिवृत्तही नव्हते आणि कपात झालेलेही नव्हते. १८ जानेवारी १९८२ चा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्या अर्थाने ते तेव्हाही संपावरच होते.